आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?



बुकिंगची खिडकी असो, पार्सल कचेरी असो, क्रू लॉबी असो की पोस्टाचे काउंटर असो, आज संगणकावाचून आपले पान हलत नाही. रेल्वेत संगणकीय आरक्षण दिल्लीला १९८५ साली सुरू झाले. पोस्टाच्या बचत बँकेत २०१३ पासून कोअर बँकिंग आले आणि २०२५ मध्ये खात्याच्याच केंद्राने तयार केलेली नवी प्रणाली देशभर लागू झाली. हे सारे कामगारांनी चालवून दाखवले आहे. त्यामुळे 'युनियनवाल्यांना यंत्र नको असते' हा जुना आरोप आम्ही येथेच बाजूला ठेवतो. आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्राबरोबर जी पुस्तिका येते, तिच्याशी आहे.

ही पुस्तिका कोण लिहितो? सॉफ्टवेअरच्या धंद्यात या प्रश्नाचे उत्तर आता अनेक ठिकाणी 'कोणीच नाही' असे आहे. प्रोग्राम एका दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडी द्यायचा आणि त्यातून पुस्तिका आपोआप बाहेर काढायची, अशी रीत पडली आहे. हजार पाने तयार होतात, मुखपृष्ठ चढते, 'डॉक्युमेंटेशन पूर्ण' अशी टीप लागते आणि बिल मंजूर होते. काउंटरवरच्या माणसाला मात्र त्या हजार पानांत त्याच्या एका प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : जी पुस्तिका माणसाने लिहिलेली नाही, तपासलेली नाही आणि जिच्याखाली कोणाची सही नाही, तिच्या आधारे कामगाराला जबाबदार धरता येणार नाही.

पुस्तिका आपोआप कशी निघते?

यात जादू काही नाही. जावा ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जाहीर केली. तिच्याबरोबर 'जावाडॉक' नावाचे साधन आले. १९९७ मध्ये 'डॉक्सिजन' नावाचे तसेच दुसरे साधन निघाले. ही साधने प्रोग्राम वाचतात. त्यात कोणकोणते तुकडे आहेत, त्यांची नावे काय, प्रत्येकाला कोणती माहिती द्यावी लागते, तो काय परत देतो, याची यादी करतात. प्रोग्रामरने ठराविक खुणांमध्ये टिपा लिहून ठेवल्या असतील तर त्या उचलून यादीत बसवतात. टिपा नसतील तर नुसती नावेच छापतात.

म्हणजे साधन स्वतः काही सांगत नाही. माणसाने लिहिले असेल तेवढे पुढे नेते. माणसाने लिहिलेच नसेल तर? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आणि माणसाने पाच वर्षांपूर्वी लिहिलेली टीप आज खोटी ठरली असेल, तर साधन तीही तितक्याच सुबक अक्षरात छापते.

हे आम्ही एकटे म्हणत नाही. जावाडॉक ज्या कंपनीने काढले, तिनेच प्रोग्रामरांना दिलेल्या सूचनांत म्हटले होते की, टिपेत नुसते नावच वाक्य करून परत लिहिले असेल तर त्या टिपेने अधिक काही सांगितलेले नसते. साधन बनवणाऱ्याला त्याची मर्यादा माहीत होती. ती विसरले साधन विकत घेणारे आणि त्यावर पैसे वाचवणारे.

कोणी विचारील, ही तर प्रोग्रामरांची आपसातली कागदपत्रे, त्यांच्याशी तिकीट देणाऱ्याचा किंवा मनीऑर्डर घेणाऱ्याचा काय संबंध? संबंध आहे. प्रणालीचा ठेका बदलतो. जुन्या कंपनीची माणसे जातात. नव्या माणसांच्या हाती उरतात ती हीच पाने. हेल्पडेस्कवर बसलेला मुलगा, तोही बहुधा कंत्राटी, हीच पाने उलटतो. आपल्याला मिळणारी वापराची पुस्तिका बनवतानाही पडद्यावरच्या चौकटींची नावे अशीच उचलून एकाखाली एक लावली जातात. सभासदांनी अशा पुस्तिका आम्हाला आणून दाखवल्या आहेत. कोणत्या कचेरीच्या, ते आम्ही येथे सांगत नाही, कारण दोष एका कचेरीचा नसून पद्धतीचा आहे. 'खाते प्रकार : येथे खाते प्रकार निवडावा.' 'शेरा : येथे शेरा लिहावा.' 'रद्द करा : हे बटन दाबल्यास रद्द होते.' काय रद्द होते? आधीचा व्यवहारही रद्द होतो का? पैसे घेतल्यावर रद्द केले तर दिवसअखेरच्या हिशेबात काय दिसते? वीज गेली, पावती छापली नाही, तर व्यवहार झाला की नाही? यावर चकार शब्द नाही.

आपला एक नियम घ्या. ब्रॉडगेजवर मार्गात अडथळा आला आणि गाडीचे संरक्षण करायचे असेल, तर ६०० मीटरवर एक फॉग सिग्नल आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फॉग सिग्नल लावायचे, हे आपल्यापैकी प्रत्येक गार्डाला, ड्रायव्हरला आणि गँगमनला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. त्या जागी पुस्तकात 'फॉग सिग्नल : येथे फॉग सिग्नल लावावा' एवढेच छापले असते तर? किती गाड्या एकमेकींवर आदळल्या असत्या?

नाव सोनूबाई

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. कॅनडातील एका सरकारी कंपनीने 'थेराक-२५' नावाचे कर्करोगावर किरणोपचार करण्याचे यंत्र बनवले होते. त्याचा कारभार संगणकावर चाले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त किरण दिले. त्यातले काही दगावले. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता.

१९८६ साली टेक्सास राज्यातल्या टायलर गावी यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या पडद्यावर 'मालफंक्शन ५४' अशी अक्षरे आली. म्हणजे बिघाड क्रमांक ५४. हा बिघाड कसला, थांबायचे की पुढे जायचे, हे सांगणारे एक वाक्यही यंत्र चालवणाऱ्यांच्या पुस्तिकेत नव्हते. दुसऱ्या एका कागदावर त्याचा अर्थ 'डोस इनपुट २' एवढाच दिला होता. एका नावाच्या जागी दुसरे नाव! असे बिघाडाचे संदेश तिथे रोजच येत असत आणि बटन दाबून काम पुढे चालू करायचे, अशी सवय यंत्रानेच लावली होती. बाईंनी बटन दाबले. रुग्णाला जीवघेणी मात्रा दुसऱ्यांदा बसली. काही महिन्यांनी तो मरण पावला.

ती पुस्तिका यंत्राने लिहिली होती असे आमचे म्हणणे नाही. पण आज यंत्र ज्या प्रकारचे कागद हजारांनी बाहेर काढते, तो प्रकार हाच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तेव्हा निदान एखाद्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे असे कागद निघत होते. आता तो हलगर्जीपणाच पद्धत म्हणून विकला जातो.

'काय' आहे, पण 'का' नाही

प्रोग्राममध्ये काय आहे ते यंत्र वाचू शकते. ते तसे का आहे, हे प्रोग्राममध्ये लिहिलेलेच नसते. ते असते ठरवणाऱ्याच्या डोक्यात आणि ज्या दिवशी ठरले त्या दिवसाच्या चर्चेत.

४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियन-५' हे नवे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटून गेले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतले सॉफ्टवेअर जुन्या 'एरियन-४' मधून घेतलेले होते. त्यात एक मोठा आकडा लहान जागेत बसवताना गडबड झाली आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी समितीला आढळले की, अशी गडबड होऊ शकेल असे सात आकडे होते, त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते आणि तिघांना मुद्दाम दिलेले नव्हते. का दिले नव्हते? कारण जुन्या बाणाच्या मार्गावर ते आकडे इतके मोठे होणेच शक्य नव्हते. नवा बाण वेगळ्या मार्गाने, अधिक जोराने गेला. आणि हा निर्णय का घेतला होता, त्याचे कारण प्रोग्राममध्ये थेट कोठेही लिहिलेले समितीला सापडले नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की, प्रोग्रामचा तो भाग उड्डाणानंतर चालू ठेवण्याची गरज जुन्या बाणाला होती, नव्याला नव्हतीच.

आता विचार करा. त्या प्रोग्रामवरून कितीही चांगल्या साधनाने पुस्तिका काढली असती, तर तिच्यात काय आले असते? सातही आकड्यांची नावे बिनचूक आली असती. 'हे तीन उघडे ठेवले आहेत, नवा बाण सोडण्याआधी पुन्हा तपासा' हे वाक्य मात्र आले नसते. नेमके जे वाक्य हवे होते, तेच.

काल धावली तशी गाडी, आज तेच वेळापत्रक

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रोग्रामवरून काढलेली पुस्तिका प्रोग्राम चुकला असे कधीच म्हणू शकत नाही. प्रोग्राम जे करतो तेच तिच्या दृष्टीने बरोबर. गाडी काल जशी धावली त्यावरून आजचे वेळापत्रक छापले, तर आपल्या देशात एकही गाडी कधी लेट होणार नाही! लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे गेली, तर 'येथे गाडी सिग्नल ओलांडते' अशी नोंद होईल आणि तोच नियम ठरेल. वेळापत्रक वेगळे असते म्हणून उशीर कळतो. नियम वेगळा लिहिलेला असतो म्हणून नियमभंग कळतो. सॉफ्टवेअरने काय करायला हवे हे माणसाने वेगळे लिहून ठेवले असेल तरच ते चुकले की नाही हे सांगता येईल.

हे सांगता आले नाही तर काय होते, ते ब्रिटनच्या पोस्टातील आपल्यासारख्याच माणसांनी भोगले आहे. तेथे १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली शाखांमध्ये बसवली गेली. हिशेबात तूट दिसू लागली. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर म्हणत होते, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पोस्टाची व्यवस्था म्हणत होती, यंत्र चुकत नाही, पैसे भरा. १९९९ ते २०१५ या काळात चोरी आणि खोटे हिशेब अशा आरोपांखाली ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींची घरे गेली, काहींनी जीव दिला.

आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फुजित्सू कंपनीच्या आत काय होते? माहीत असलेल्या दोषांची नोंदवही होती! तिचे नावच 'नोन एरर लॉग'. ती यंत्राने काढलेली यादी नव्हती, दोष निस्तरणाऱ्या माणसांनी लिहिलेली होती. काउंटरवर बसणाऱ्याला जी माहिती हवी होती ती तिथे होती, पण त्याच्या हाती कधी आली नाही. ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लावला, तेव्हा २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती, असा निर्णय दिला. २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून शिक्षा रद्द केल्या. तोवर कित्येकांचे आयुष्य संपले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

यातून आपण काय घ्यायचे? उपयोगाची पुस्तिका म्हणजे यंत्रातल्या चौकटींची यादी नव्हे. यंत्र कोठे चुकते, ती चूक पडद्यावर कशी दिसते आणि तेव्हा कामगाराने काय करायचे, हे जिच्यात आहे ती पुस्तिका. अशी पुस्तिका आपोआप निघत नाही. ती लिहायला माणूस लागतो आणि लिहिलेले उघड करायला दानत लागते.

त्यांचे युक्तिवाद, आमची उत्तरे

पहिला युक्तिवाद : आपोआप निघणारी पुस्तिका कधी शिळी होत नाही. प्रोग्राम बदलला की पुस्तिका बदलली. उत्तर : यादी शिळी होत नाही हे खरे, आणि यादी म्हणून तिचा उपयोग आम्हालाही मान्य आहे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी ती असावी. पण सूची म्हणजे पुस्तक नव्हे. शिवाय आपल्या नियमपुस्तकात बदल होतो तेव्हा क्रमांक आणि तारीख घातलेली करेक्शन स्लिप येते. ती चिकटवली की काय बदलले ते कळते. नव्याने निघालेल्या हजार पानांत काय बदलले, हे ती पाने सांगत नाहीत.

दुसरा युक्तिवाद : लिहिणारी माणसे ठेवणे परवडत नाही. उत्तर : मग चूक झाल्यावर कामगाराच्या पगारातून वसुली करणे कसे परवडते? लेखन हा प्रणालीच्या कामाचाच भाग आहे. इमारतीच्या ठेक्यात पायऱ्या परवडत नाहीत असे सांगून दुसरा मजला कोणी बांधत नाही. अमेरिकेतले नामवंत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९८४ मध्येच मांडले होते की, प्रोग्राम लिहिताना यंत्राला हुकूम देण्यापेक्षा माणसाला समजावून सांगणे हे मुख्य काम मानावे. समजावणे हे काम आहे. कामाला दाम द्यावा लागतो.

तिसरा युक्तिवाद नवा आहे : आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती नुसती नावे छापत नाही, प्रोग्राम वाचून छान सलग भाषेत समजावते. उत्तर : भाषा छान असते हे खरे, आणि धोका तिथेच आहे. कोरे पान निदान कोरे दिसते. कारण माहीत नसताना अंदाजाने लिहिलेले कारण खऱ्यासारखे दिसते. निर्णय का घेतला हे प्रोग्राममध्ये नसेल, तर तो वाचणाऱ्या कोणालाही, माणूस असो वा यंत्र, त्यावरून अंदाजच बांधावा लागतो. जाणत्या माणसाने असा मसुदा घेऊन तपासला, सुधारला आणि खाली सही केली, तर आमची हरकत नाही. हरकत आहे ती सही नसलेल्या कागदाला. चौकशीत साक्षीला कोणाला बोलावणार? यंत्राला?

आपल्या घरात उत्तर आहे

रेल्वेच्या १९७६ च्या जनरल रूल्समध्ये नियम २.०१ ते २.०३ वाचा. ज्याच्यावर निश्चित जबाबदारी टाकली आहे त्याला नियमांची प्रत, निदान त्याच्या कामापुरता भाग, प्रशासनाने पुरवला पाहिजे. स्थानिक भाषेतील अनुवादाचीही तेथे सोय आहे. कर्मचाऱ्याने प्रत दुरुस्त्यांसह जवळ ठेवायची आणि आपल्या कामाचे नियम जाणायचे. आधी प्रशासनाचे कर्तव्य, मग कामगाराचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्टेशन वर्किंग रूल्स वाचून समजले अशी सही स्टेशन मास्तर करतो, ती समजण्याजोगे लिहिलेले असते म्हणून. पोस्टातही बचत बँकेचे आदेश क्रमांकाने येतात आणि ते कोणत्या अधिकाऱ्याने काढले ते कळते.

सॉफ्टवेअरपुरता हा क्रम उलटा का? येथे प्रत नाही, अनुवाद नाही, दुरुस्तीपत्र नाही, सहीवाला नाही. आणि चूक झाली की मात्र रेल्वेत एरर शीट येते, डेबिट पडतो, एस.एफ. ११ हातात पडतो. पोस्टात रूल १६ ची नोटीस आणि वसुली. 'पुस्तिकेतील सूचनांचे पालन केले नाही' असे लिहिताना साहेबांनी ती पुस्तिका स्वतः एकदा तरी वाचली होती का, हा प्रश्न प्रत्येक चौकशीत विचारला गेलाच पाहिजे.

आमच्या मागण्या

१. काउंटरवर किंवा कर्मचाऱ्याच्या हाती दिल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रणालीची पुस्तिका जबाबदार व्यक्तीने तपासलेली असावी आणि तिच्यावर नाव, हुद्दा, तारीख असावी.

२. पुस्तिकेत प्रत्येक बिघाड-संदेशाचा अर्थ आणि त्या वेळी करायची कृती असावी. वीज जाणे, जोडणी तुटणे, पावती न छापली जाणे, व्यवहार अर्धवट राहणे यांवर स्वतंत्र प्रकरण असावे.

३. माहीत असलेल्या दोषांची यादी कर्मचाऱ्यांना उघड करावी आणि प्रत्येक बदलाबरोबर क्रमांक घातलेले दुरुस्तीपत्र द्यावे.

४. पुस्तिका मराठीत, आणि इतर प्रांतांत तेथील भाषेत, मिळावी. ती लागू करण्यापूर्वी खिडकीवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून वाचून घ्यावी आणि तो वेळ ड्यूटी धरावा.

५. ठेका देताना लेखनाचे काम वेगळे दाखवावे. नुसती आपोआप काढलेली पाने दिली तर ते काम अपुरे समजून बिल रोखावे.

६. वरील गोष्टी होईपर्यंत प्रणालीतील गोंधळामुळे दिसणाऱ्या तुटीसाठी कोणाच्याही पगारातून वसुली करू नये.

या मागण्या शाखासभांत वाचून दाखवा. आणि एक काम आजपासून प्रत्येकाने करावे. पडद्यावर न समजणारा संदेश आला की तारीख, वेळ आणि संदेशाची अक्षरे जशीच्या तशी वहीत उतरवा. पुस्तिकेत त्याचा अर्थ आहे का ते पाहा. नसेल तर तसे वरिष्ठांना लेखी कळवा, पोच घ्या आणि एक प्रत शाखेच्या कचेरीत द्या. ब्रिटनच्या सब-पोस्टमास्तरांना सांगितले जात होते की, असा त्रास तुम्हा एकट्यालाच होतो आहे. ते एकत्र आले तेव्हाच कळले की एकटा कोणीच नव्हता. आपल्या वह्या एकत्र आल्या की खरी पुस्तिका त्यांतूनच तयार होईल. प्रशासनाने ती छापावी. नाही छापली, तर युनियन छापील.

कामगार एकजुटीचा विजय असो!